बांधावरचा रस्ता

पहाटे साडेचार

जानेवारीतली देवनहळ्ळीची पहाट चांगलीच गार असते. अंगणातला दिवा लावून मी सायकली भिंतीला टेकवून उभ्या करते आणि एकेक करून तपासते. टायरची हवा, ब्रेकचे पॅड, गिअर नीट पडतायत का. चेनला तेल घालायचं आणि लगेच फडक्याने पुसून काढायचं, कारण इथली लाल माती तेलकट चेनवर बसली की दुपारपर्यंत तिचा चिखल होतो. 28 मिलिमीटरपेक्षा बारीक टायर मी या रस्त्यांना देत नाही, कुणी कितीही हट्ट धरला तरी. बाभळीच्या काट्यांना बारीक टायर फार आवडतो.

मी मूळची सोलापूरची. कोरड्या मुलखात वाढले, त्यामुळे बंगळूरच्या उत्तरेचं हे पठार मला पहिल्यापासून ओळखीचं वाटलं. आता इथल्या गावांतून सायकलस्वारांना फिरवणं हेच माझं काम आहे. आज पुण्याचे चौघे आहेत आणि सांगलीच्या एक शिक्षिका. काल रात्री फोनवर प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता: "ताई, नंदीच्या चढाला किती वाजता लागायचं?"

नंदी आजच्या वाटेत आहे, पण तिचा चढ नाही. हे मी आधीच सांगून टाकते. बंगळूरच्या सायकलस्वारांनी नंदी हिल्सचा चढ एवढा मोठा करून ठेवलाय, की वळणं मोजत 1478 मीटरवर पोचायचं, घड्याळ बघायचं, फोटो काढायचा आणि उतरायचं, एवढाच हा मुलूख उरलाय. चढ उत्तमच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो कुठल्याही डोंगरावर मिळतो. खालची गावं, तळी आणि बांध हे दुसरीकडे मिळत नाही.

सहा वाजता

देवनहळ्ळीच्या किल्ल्याच्या दाराशी अजून पुरतं उजाडलेलं नाही. अवती घराण्यातल्या मल्लबैरे गौडाने 1501 मध्ये बांधला तेव्हा हा मातीचा कोट होता. दगडी रूप त्याला हैदर आणि टिपूच्या काळात आलं. आत आजही वस्ती आहे. रांगोळ्या घालणाऱ्या बायका, दुधाच्या किटल्या, वेणुगोपालाच्या देवळातली घंटा. आम्ही सायकली हातात धरून चालत जातो. लोकांच्या उंबऱ्यासमोरून पेडल मारत जाणं बरं दिसत नाही.

टिपू सुलतानाचा जन्म देवनहळ्ळीचा, आणि त्या जागी खांबांचा एक लहानसा चौथरा आणि शिळा आहे, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. हैदर अलीचं नाव पहिल्यांदा पुढे आलं तेही याच किल्ल्यापाशी. म्हैसूरच्या फौजेने वेढा घातला तेव्हा तो कुणी मोठा सरदार नव्हता. किल्ला नंतर मराठ्यांकडेही गेला आणि परत आला, आणि 1791 मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजांनी घेतला.

पुण्याच्या एकाने विचारलं, "मराठे इथवर आले?" हा प्रश्न दर खेपेला येतो आणि मला त्याचं उत्तर द्यायला आवडतं. पेशव्यांच्या आधी शंभरेक वर्षं इथे शहाजीराजे होते. 1638 मध्ये रणदुल्लाखानाच्या मोहिमेत बंगळूर आदिलशाहीकडे आलं आणि शहाजीराजांच्या जहागिरीत गेलं. कोलार, होस्कोटे, दोड्डबळ्ळापूर हा सगळा पट्टा त्यांच्या कारभाराखाली होता. जयराम पिंड्ये यांचा राधामाधवविलासचंपू हा त्यांच्याच दरबारातला; वि. का. राजवाड्यांनी तो 1922 मध्ये छापला म्हणून आपल्या हाती आला. आपल्याकडच्या शाळेत शहाजीराजे बंगळूरला गेले या एका वाक्यावर धडा पुढे सरकतो. ते गेले ते या तळ्यांच्या मुलखात, इथला सारा वसूल करायला, इथल्या गौडांशी जुळवून घ्यायला.

सात वाजता

महामार्ग ओलांडून गावरस्त्याला लागलो. मागे विमानतळाचे दिवे विझत होते. 2008 मध्ये तो सुरू झाल्यापासून देवनहळ्ळीची ओळखच तो झाला आहे. महामार्गावरून सूर्योदयासाठी नंदीकडे धावणाऱ्या मोटारींची आणि मोटरसायकलींची रांग लागलेली. आमच्या रस्त्यावर एक बैलगाडी.

अवती हे टेकडीच्या पायथ्याचं गाव. कांचीकडून निघालेलं रणभैरे गौडाचं कुटुंब इथे येऊन स्थिरावलं आणि त्यांच्याच वंशजांनी पुढे आजूबाजूची पेठेची गावं वसवली, असं इथले लोक सांगतात. गावात शिरताना पिंपळाचा पार आहे, त्यावर नागशिळा, हळदीकुंकवाने माखलेल्या. पाराजवळ बसलेल्या आजोबांनी नेहमीसारखं विचारलं, "एल्लिंद बंद्रि?" कुठून आलात? पुण्याहून म्हटल्यावर त्यांनी सायकलींकडे बघितलं आणि पुण्याहून सायकलने का, असं विचारलं. विमानाने आलो, सायकल इथली, हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

साडेसात

आजच्या दिवसातली माझी सर्वांत आवडती जागा ही: तळ्याचा बांध.

या भागात बारमाही नदी नाही. नंदीच्या परिसरात अर्कावती, पालार, उत्तर आणि दक्षिण पिनाकिनी अशा नद्या उगम पावतात, पण त्या इथून निघून जातात. इथल्या माणसाला मिळतं ते फक्त पावसाचं पाणी, तेही बेभरवशाचं. कर्नाटकाच्या शेती विभागांत हा पूर्वेकडचा कोरडा विभाग म्हणूनच नोंदलेला आहे. म्हणून इथे शेकडो वर्षं लोकांनी एकच काम मन लावून केलं: उतारावर आडवा मातीचा बांध घालायचा, पाणी अडवायचं, तळं भरलं की सांडव्यावरून ते खालच्या तळ्यात जाऊ द्यायचं, आणि तिथून त्याच्याही खालच्या. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिलेत त्यांना ही रीत लगेच कळेल.

बांधावरून गेलेला रस्ता सायकलला अगदी योग्य असतो, कारण तो जवळजवळ सपाट असतो. एका हाताला तळं, दुसऱ्या हाताला खाली भिजणारी शेतं. इथे मी सगळ्यांना उतरवते आणि तळ्याची मोरी दाखवते. पाण्यात उभे दोन घडीव दगडी खांब, त्यांना जोडणाऱ्या आडव्या शिळा. शिळांना मधोमध भोकं आहेत, एकाखाली एक. त्यांतून लांब दांडा खाली जातो आणि त्याच्या टोकाचं बूच तळातलं भोक बंद करतं. दांडा वर खेचला की पाणी बांधाच्या पोटातून शेताकडे जातं. पाणी किती सोडायचं आणि आधी कुणाला, हे ठरवणारा माणूस गावाने नेमलेला असे. शिक्षिकाबाईंनी खांबाच्या कडेवर हात फिरवला. दांडा ओढायचा दोरखंड घासून दगडाला खोबण पडली आहे. बोट आत बसतं. किती पिढ्यांनी तो दांडा ओढला असेल याचा अंदाज त्या खोबणीवरून करावा.

या तळ्यात आज पाणी आहे, पण ते पावसाचं नाही. बंगळूरच्या हेब्बाळ आणि नागवार खोऱ्यांतलं सांडपाणी प्रक्रिया करून पंपाने इकडच्या तळ्यांत सोडतात. हजार फुटांच्याही खाली गेलेल्या बोअरवेलना त्याने थोडा जीव आला, असं शेतकरी सांगतात. त्याच वेळी, प्रक्रिया आणखी एक टप्पा पुढची हवी, हे पाणी शेवटी आमच्या पिण्याच्या पाण्यात उतरतं, म्हणून इथलेच लोक वर्षानुवर्षं भांडतायत. मला त्यांचं म्हणणं पटतं. पंपाचा खर्च करायचा आणि शेवटच्या गाळणीचा टाळायचा, हे चुकीचंच आहे. तळं भरलेलं दिसलं की छान वाटतं, पण त्याच्या काठाला साचलेला फेसही मी राइडला आलेल्यांना दाखवते.

नऊ वाजता

नंदी गावात भोगनंदीश्वराच्या देवळाबाहेर सायकली साखळीने बांधल्या. कॉफी, तट्टे इडली, शेंगदाण्याची चटणी. पाय मोकळे करून आत.

इथला सर्वांत जुना लेख 806 सालचा, नोळंब राजाचा आणि राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या गोविंदाच्या काळातला. वेरूळचं कैलास लेणं ज्याच्या नावावर आहे त्या पहिल्या कृष्णाचा हा नातू. संभाजीनगरपासून इथपर्यंत सायकलने किती दिवस लागतील याचा हिशेब पुण्याची मंडळी तिथेच करायला लागली, आणि मला ते फार आवडलं. साम्राज्य केवढं होतं हे पायांनी मोजलं की नीट कळतं. देवळामागे पायऱ्यांची मोठी पुष्करिणी आहे. दक्षिण पिनाकिनी इथे उगम पावते अशी श्रद्धा आहे. उन्हं तिरपी असताना पायऱ्यांच्या सावल्या नक्षीसारख्या पडतात. इथे मी घाई करत नाही आणि कुणाला करूही देत नाही.

वर नंदीचा डोंगर समोर उभा असतो. दोघांची चुळबूळ दिसली. त्यांना सांगितलं, उद्या तुमचे तुम्ही जा, पहाटे पाचला निघा, पाणी भरपूर घ्या, उतरताना ब्रेक सारखे दाबून धरू नका.

साडेदहा

मुद्देनहळ्ळी जवळच आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचं हे जन्मगाव. जन्माचं घर आता संग्रहालय आहे आणि समाधीही इथेच. 1962 मध्ये शंभरी ओलांडून ते गेले.

मराठी माणसाने या घरात थोडा वेळ बसावं. विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनिअरिंग शिकले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले, नाशिक, खानदेश, पुणे इथे त्यांनी उमेदीची वर्षं घालवली. खडकवासल्याच्या धरणाला 1903 मध्ये त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसले. पुण्याची चौघंही खडकवासल्याला दर रविवारी सायकलने जातात. त्यांतल्या एकालाही हे ठाऊक नव्हतं. मघाशी पाहिलेली मोरी आणि ते दरवाजे यांत मला एक सरळ रेष दिसते. ज्या पोराने लहानपणी पाण्याची वाट पाहणारं गाव पाहिलं, त्याला पाणी वाया गेलेलं सहन झालं नसेल. हा माझा तर्क आहे, पण या पठारावर सायकल चालवून झाल्यावर तो मला पक्का वाटतो.

बारा वाजता

ऊन चढलं. विजयपुऱ्याकडे निघालो; हे इथलं गाव, आदिलशाही विजापूरशी संबंध नसलेलं. रस्त्यावर नाचणीच्या पेंढ्या आणि हुलगा पसरलेला. गाड्यांच्या चाकांखाली मळणी व्हावी म्हणून शेतकरी तो रस्त्यावर टाकतात. मोटारीला फरक पडत नाही; सायकलला पडतो. काड्या मागच्या गिअरच्या चकत्यांत गुंततात आणि पेडल अडकतं. एकाची सायकल अडकलीच. मागचं चाक काढलं, दात्यांमधून चिमट्याने एकेक काडी ओढली. शेताच्या मालकीणबाई येऊन उभ्या राहिल्या, गंमत पाहून हसल्या आणि ताक घेऊन आल्या. इथे मला सगळे अक्का म्हणतात, मी त्यांना अक्का म्हणते.

एक वाजता

विजयपुऱ्यात रेशमाचा धंदा. गल्लीत भिंतीला टेकवून बांबूच्या चंद्रिका वाळत ठेवलेल्या: चपट्या, आत चक्रीसारखी पट्टी वळवत नेलेली. त्या पट्टीच्या खोबणीत अळी बसते आणि कोष विणते. तुतीचा पाला तोडण्यापासून कोष उतरवेपर्यंतचं घरातलं काम बहुतेक बायकांचं. कोष गरम पाण्यात उकळून सूत काढणाऱ्या हातांची बोटं पांढरी पडलेली असतात. पुण्याच्या मंडळींना मी ते हात बघायला सांगितलं आणि फोटो काढू नका असंही.

जेवण नाचणीच्या मुद्देचं, म्हणजे शिजवलेल्या पिठाच्या गोळ्याचं, पावट्याच्या आमटीबरोबर. मुद्दे चावायचा नाही, आमटीत बुडवून गिळायचा, हे सांगूनही सगळे चावतात. शेवटी पपनस, इथला चकोता. देवनहळ्ळीच्या चकोत्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण बागा आता फार कमी उरल्यात.

अडीच वाजता

परतीची वाट चन्नरायपट्टण होबळीतल्या, म्हणजे महसुली मंडळातल्या, गावांतून. इथली 1,777 एकर जमीन विमाननिर्मितीच्या उद्योगांसाठी संपादित करायचं ठरलं होतं. तेरा गावांचे शेतकरी एप्रिल 2022 पासून धरणं धरून बसले. 15 जुलै 2025 रोजी सरकारने संपादन मागे घेतलं. हे वाचायला एका ओळीत येतं, पण ते लोक तीन वर्षांहून जास्त काळ, शेती सांभाळून, आळीपाळीने बसले होते. रस्त्याकडेला कोबी, टोमॅटो, द्राक्षांचे मांडव आणि तुतीच्या हिरव्या चौकटी पाहिली की ते कशासाठी बसले ते विचारावं लागत नाही. अशी शेतं इथल्या कोरड्या जमिनीतून उभी करायला किती खपावं लागतं, ते सकाळपासून पाहतच आलो होतो.

समोरचा वारा सुरू झाला. सगळ्यांना एका रांगेत घेतलं, मी पुढे राहिले.

साडेचार

घरी. सायकली धुऊन, चेन पुसून ठेवल्या. मंडळी निघून गेली. शिक्षिकाबाईंनी मुलांना दाखवायला मोरीचं चित्र वहीत काढून नेलं.

शेवटचं काम रस्त्याच्या नोंदींचं. बंगळूरच्या भोवतीने नवा रिंगरोड झाला, त्याने दोड्डबळ्ळापूर ते होस्कोटे या बाजूच्या कित्येक गाववाटा तोडल्या. पलीकडे जायला भुयारी मार्ग शोधावे लागतात, आणि पावसाळ्यात त्यांत गुडघाभर पाणी. आज आणखी एका बांधावर रुंदीकरणाचे खांब रोवलेले दिसले. रस्ता रुंद करायला तिथे एकतर तळ्यात भराव टाकावा लागेल किंवा करंजाची झाडं पाडावी लागतील. ग्रामपंचायतीत सोमवारी जाऊन विचारायचं ठरवलं आहे. पुढच्या शनिवारी नाशिकचा गट येतोय. त्यांना 32 मिलिमीटरचे टायर आणायला कळवलं.