चाकांवरचें घर आणि समुद्रकांठचा दिवस

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑरेगन नांवाचें एक संस्थान आहे. त्याचा समुद्रकिनारा सुमारें ३६० मैलांचा असून १०१ क्रमांकाचा राजरस्ता त्याला धरून उत्तर-दक्षिण गेलेला आहे. उन्हाळ्यांत या रस्त्यानें चाकांवरचीं घरें एकामागून एक चाललेलीं दिसतात. आर. व्ही. या दोन अक्षरांनीं तीं ओळखलीं जातात. आंत बिछाने, चूल, पाण्याची टाकी, शौचकूप असा सारा संसार असतो. असें घर बरोबर असल्यावर रात्रीच्या मुक्कामाची चिंता कसली, असें नव्या प्रवाशाला वाटतें. समुद्रकांठच्या पहिल्याच उद्यानाच्या दाराशीं हा समज दूर होतो.

तेथील सरकारी उद्यानें दोन प्रकारचीं आहेत. कांहींत रात्रीं राहतां येतें. तेथें प्रत्येक मोटारीस आखून दिलेली जागा असते, आणि बहुधा वीज व पाणीही मिळतें. दुसरीं केवळ दिवसापुरतीं. त्यांत मोटार उभी करावी, शिदोरी सोडावी, किनारा हिंडावा आणि ठरल्या वेळीं बाहेर पडावें. पडदे ओढून आपल्याच बिछान्यावर निजणें हा मुक्काम कसा, असा वाद पुष्कळजण घालतात. पण नियमाला तो मान्य नाहीं. सांडपाणी सोडण्याची सोयही तेथें नसते. आदल्या मुक्कामींच टाक्या मोकळ्या करून निघावें लागतें. शिवाय अशा जागीं वळणें आंखूड असतात. तीस फुटांची मोटार आंत नेणें सोपें, माघारी फिरवणें मात्र कठीण.

न्यूपोर्ट गांवाच्या आसपासचा भाग उदाहरणादाखल घेतां येईल. गांवाच्या उत्तरेस बेव्हर्ली बीच येथें रात्रीचा तळ आहे. तेथून जवळच ऑटर रॉक येथें ‘डेव्हिल्स पंचबोल’ हें दिवसापुरतें उद्यान आहे. समुद्रानें पोखरलेल्या गुहांचें छत ढासळून तेथें खडकाची एक प्रचंड कढई तयार झाली आहे; भरतीचें पाणी तिच्यांत शिरून घुसळतें. हा देखावा वरून पाहावा. ओहोटीच्या वेळीं कढईंत उतरण्याचा मोह होतो, पण भरती वळली कीं बाहेरची वाट पाण्याखालीं जाते.

तिच्या उत्तरेस ओहोटीनें उघड्या पडणाऱ्या खडकांवर पाण्याचीं डबकीं राहतात. त्यांत तारामासे, जांभळे समुद्रसाळू आणि फुलांसारखे दिसणारे समुद्रजीव असतात. २०१३ पासून पसरलेल्या रोगानें तारामासे फार मेले. त्यामुळें एखादा दिसला तर मुलें हरखून जातात. पाहावें, उचलूं नये. कोंकणांतल्या माणसाला उधाण आणि भांग यांचें गणित सांगावें लागत नाहीं. ऑरेगनच्या किनाऱ्यावर दिवसांतल्या दोन ओहोट्यांपैकीं एक बरीच खोल जाते, दुसरी उथळ राहते; आणि उन्हाळ्यांतली खोल ओहोटी बहुधा सकाळींच येते. सकाळीं चहावर रेंगाळणाऱ्या कुटुंबाला नुसतें पाणीच पाहावें लागतें.

पाणीही आपल्याकडच्यासारखें कोमट नव्हे. उन्हाळ्यांत उत्तरेकडून वारे सुटले कीं वरचें पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललें जातें आणि खोलांतलें थंडगार पाणी वर येतें. त्यावरून धुकें उठतें. जुलैंतही अंगावर लोकरीचा कपडा लागतो.

धोका मात्र थंडीपेक्षां लाटांचा. बराच वेळ लाटा एका मर्यादेंत राहतात, आणि अकस्मात् एखादी कितीतरी पुढें धांवून येते. वाळूवर वाहून आलेले ओंडके बसायला सोयीचे दिसतात. पण पाण्यानें भिजलेला असा ओंडका टनावारी जड असतो आणि वीतभर पाण्यानेंही गडगडूं लागतो. मुलांना त्यावर चढूं देऊं नये, ही सूचना ऐकावयाची ती याचसाठीं. १७०० सालच्या जानेवारींत याच किनाऱ्यालगत प्रचंड भूकंप होऊन त्याच्या लाटा जपानपर्यंत गेल्या होत्या. जमीन हादरली कीं कोणत्या वाटेनें उंचावर जावें हें दाखविणाऱ्या पाट्या म्हणूनच ठिकठिकाणीं आहेत.

हा किनारा सर्वांना मोकळा राहिला तो आपोआप नव्हे. १९१३ सालीं गव्हर्नर ऑस्वल्ड वेस्ट यांच्या कारकीर्दींत भरती-ओहोटीच्या दरम्यानची वाळू सार्वजनिक रस्ता म्हणून कायद्यानें जाहीर झाली. त्या वेळीं गाड्या खरोखरच वाळूवरून धांवत. वरची कोरडी वाळू त्यांत आली नाहीं. १९६६ मध्यें एका खानावळवजा निवासाच्या मालकानें त्या वाळूवर कुंपण घालून ती आपल्या गिऱ्हाइकांसाठीं राखली, आणि संस्थानभर गलका झाला. १९६७ त गव्हर्नर टॉम मॅकॉल यांनीं नव्या कायद्यावर सही केली. १९६९ त संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयानें लोकांचा हक्क मान्य केला, तो वहिवाटीच्या आधारावर. बापजाद्यांपासून लोक तेथें बसत-फिरत आले, एवढ्यावर खटला सुटला.

दुपारीं न्यूपोर्टच्या याक्विना उपसागराकडील उद्यानांत जातां येतें. तेथील दीपगृह १८७१ त उजळलें आणि तीनच वर्षांत बंद झालें. जवळच्या भूशिरावरील उंच दीपगृहानें त्याचें काम घेतलें. शेजारीं १९३६ सालचा कमानदार पूल आहे. सूर्य कलल्यावर हेंही उद्यान सोडून तळाकडे वळावें लागतें. उद्यांची ओहोटी सुमारें पाऊण तासानें उशिरा येईल.