अठ्ठेचाळीस मिनिटांचा हिशेब

२८ एप्रिल २०१२. शिकागोचे युनायटेड सेंटर प्रेक्षकांनी तुडुंब भरलेले. एनबीएच्या प्लेऑफमधील मालिकेचा पहिलाच सामना आणि यजमान शिकागो बुल्स फिलाडेल्फियाविरुद्ध ९९-८७ असे बारा गुणांनी पुढे. घड्याळात उरला होता जेमतेम सव्वा मिनिटाचा खेळ. सामना संपल्यात जमा होता. अशा वेळी बुल्सचा सर्वांत मौल्यवान खेळाडू डेरिक रोझ चेंडू घेऊन आत घुसला, थबकला, उसळला आणि डावा गुडघा धरून खाली कोसळला. गुडघ्यातील मुख्य अस्थिबंध फाटला होता. रोझ तेव्हा २३ वर्षांचा होता. आदल्याच वर्षी तो एनबीएच्या इतिहासातील सर्वांत तरुण ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर’ ठरला होता.

बुल्सने तो सामना १०३-९१ असा जिंकला. पण अव्वल मानांकन असूनही मालिका मात्र २-४ अशी गमावली. रोझ पुढचा संपूर्ण मोसम खेळला नाही. परतला तो उजवा गुडघा दुखावून पुन्हा बाहेर गेला. आणि शिकागोकरांच्या ओठांवर एक प्रश्न कायमचा येऊन बसला : बारा गुणांची आघाडी असताना, सव्वा मिनिट उरले असताना, रोझ मैदानावर होताच कशाला?

हा प्रश्न होता प्रशिक्षक टॉम थिबोडो यांना उद्देशून. तेरा वर्षांनी, न्यूयॉर्कमध्ये, वेगळ्या संघाच्या चाहत्यांनी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत त्यांना विचारला. बास्केटबॉलच्या प्रेक्षकाला प्रशिक्षकाच्या डावपेचांतले सारेच कळते असे नाही. पण कोणाला किती वेळ खेळवले हे त्याला अचूक कळते आणि त्याचा संतापही बहुधा तिथेच उफाळून येतो.

क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या वाचकांसाठी थोडे गणित सांगायला हवे. एनबीएचा सामना बारा-बारा मिनिटांच्या चार सत्रांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा असतो. एका वेळी मैदानात पाच खेळाडू. म्हणजे प्रशिक्षकाच्या हाती खेळाडूंत वाटायला एकूण २४० मिनिटे येतात. बदली खेळाडू किती वेळा घ्यावेत यावर मर्यादा नाही. बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो. क्रिकेटमध्ये अकरा जणांची निवड सकाळी एकदा झाली की झाली. बास्केटबॉलमध्ये संघनिवड दर दोन-चार मिनिटांनी नव्याने होत असते. या सततच्या फेरपालटीलाच ‘रोटेशन’ म्हणतात. हा खेळ नियमित मोसमात ८२ वेळा खेळायचा, तोही सुमारे सहा महिन्यांत. त्यानंतर प्लेऑफ, जिथे विजेतेपदासाठी प्रत्येकी सात सामन्यांपर्यंत लांबणाऱ्या चार मालिका जिंकाव्या लागतात.

बहुतेक प्रशिक्षक नऊ-दहा खेळाडूंत ही मिनिटे वाटतात. थिबोडो यांचा कल कायम मूठ आवळण्याकडे राहिला. बुल्समध्ये ल्युओल डेंग हा २०११-१२ आणि २०१२-१३ अशा लागोपाठ दोन मोसमांत सामन्यामागे सर्वाधिक मिनिटे खेळणारा एनबीएतील खेळाडू होता. सरासरी ३९ मिनिटांच्या आसपास! न्यूयॉर्क निक्समध्ये २०२४-२५ च्या मोसमात हाच मान जॉश हार्टला मिळाला, सरासरी ३७.६ मिनिटांचा. एकूण मिनिटांत त्याचाच सहकारी मिकाल ब्रिजेस अव्वल होता : ८२ सामन्यांत ३,०३६ मिनिटे. जेलन ब्रन्सन, ब्रिजेस, हार्ट, ओजी अनुनोबी आणि कार्ल-अँथनी टाउन्स हे पाच जण त्या मोसमात ९४० मिनिटे एकत्र खेळले. एनबीएतील दुसरे कोणतेही पंचक इतका वेळ एकत्र मैदानात नव्हते.

मार्च २०२५ मध्ये ब्रिजेसने पत्रकारांसमोर सांगून टाकले की पहिल्या पाच जणांचा वेळ कमी करण्याविषयी आपण प्रशिक्षकांशी बोललो आहोत, कारण संघात इतरही चांगले खेळाडू आहेत. अशी काही चर्चा झालीच नाही, असे थिबोडो यांचे म्हणणे पडले. खरे-खोटे त्या दोघांनाच ठाऊक. पण चाहते आठवडेच्या आठवडे जे म्हणत होते तेच संघातल्या माणसाच्या तोंडून बाहेर पडले होते.

अर्थात, थिबोडो यांची बाजू कच्ची मुळीच नाही. २०१२ च्या त्या सामन्यातच पाहा. बुल्सची आघाडी काही मिनिटांपूर्वी वीस गुणांची होती, ती घसरून बारावर आली होती. एनबीएत बारा गुण ही अभेद्य भिंत नव्हे. शिवाय रोझ त्या मोसमात दुखापतींमुळे ६६ पैकी २७ सामन्यांना मुकला होता. त्याला सामन्याचा सराव हवाच होता. आणि गुडघा त्या क्षणीच का निकामी झाला, अतिश्रमाने की निव्वळ दुर्दैवाने, हे कोण सांगणार? तोच गुडघा पहिल्या सत्रातही फाटू शकला असता आणि मग प्रशिक्षकाला कोणी बोल लावला नसता.

यशाचा लेखाजोखा मांडला तर थिबोडो यांचे पारडे जडच भरते. शिकागोत पाच मोसमांत त्यांनी नियमित मोसमातील २५५ सामने जिंकले आणि १३९ गमावले. मे २०१५ मध्ये बुल्सने त्यांना निरोप दिला आणि त्यानंतरच्या दहा मोसमांत हा संघ अवघा दोनदा प्लेऑफपर्यंत पोहोचला. न्यूयॉर्कमध्ये ते २०२० मध्ये आले तेव्हा निक्सला सलग सात मोसम प्लेऑफचे दर्शन झालेले नव्हते. त्यांच्या पाच मोसमांत चारदा झाले. डिसेंबर २०२२ मध्ये तर त्यांनी मूठ आणखी आवळून नऊच खेळाडू फिरवायचे ठरवले आणि निक्सने ओळीने आठ सामने जिंकले. त्या वेळी बाकावर बसवले गेलेल्यांत एक नाव होते डेरिक रोझ! शिकागोनंतर रोझ मिनेसोटात आणि मग न्यूयॉर्कमध्ये, असा दोनदा पुन्हा याच प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळला. चाहत्यांनी ज्याच्या वतीने बारा वर्षे राग धरला, त्याने स्वतः मात्र धरलेला दिसत नाही.

मग चाहत्यांचा राग निव्वळ भाबडा म्हणायचा काय? तसे वाटत नाही. फक्त त्याचे खरे कारण दुखापतींत शोधणे चुकीचे आहे. दुखापतींचा हिशेब कोणाच्याच बाजूने नीट लागत नाही. त्याचा दाखला पुढे येईलच. खरी गोम आहे ती बाकावर.

राखीव खेळाडू हा कपाटात ठेवलेला जादा बल्ब नव्हे, की लागेल तेव्हा काढला आणि लावला. नोव्हेंबर ते मार्च ज्याला सामन्याच्या ऐन रंगात कधी उतरवलेच नाही, तो मे महिन्यात वीस हजार प्रेक्षकांसमोर स्थिर हाताने चेंडू फेकेल ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्याच्यावर विश्वास नाही म्हणून त्याला खेळवायचे नाही; खेळवले नाही म्हणून तो विश्वासास पात्र ठरत नाही. प्रशिक्षकाचा संशय अशा रीतीने स्वतःच स्वतःला खरा करून दाखवतो. निक्सचे राखीव खेळाडू २०२४-२५ मध्ये गुणांच्या बाबतीत तळाशी होते. ते दुबळे होते म्हणून त्यांना वेळ मिळाला नाही, की वेळ मिळाला नाही म्हणून ते दुबळे राहिले? दोन्ही थोडेथोडे खरे असावे. संघाच्या व्यवस्थापनानेही एकट्या ब्रिजेससाठी पहिल्या फेरीच्या निवडीचे पाच हक्क मोजले होते; बाक भरायला हाती फारसे उरले नव्हते. मिचेल रॉबिन्सनसारखा उंचापुरा खेळाडू घोट्याच्या दुखापतीमुळे फेब्रुवारी अखेरपर्यंत उपलब्ध नव्हता. हे चाहते पुष्कळदा विसरतात.

तरीही मे २०२५ मध्ये जे घडले ते विसरण्याजोगे नव्हते. गतविजेत्या बोस्टनला ४-२ असे हरवून निक्स २५ वर्षांनी पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचले. समोर इंडियाना पेसर्स. (मुंबईकरांनी हा संघ ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटोविरुद्ध खेळताना प्रत्यक्ष पाहिला आहे.) पेसर्सचे प्रशिक्षक रिक कार्लाइल यांचा खाक्या नेमका उलटा. दहा-दहा जण आलटून पालटून मैदानात सोडायचे, कोणालाही दमू द्यायचे नाही आणि प्रतिस्पर्ध्याला सतत पळवायचे. त्यांचा प्रमुख खेळाडू टायरीस हॅलिबर्टनही मोसमात सामन्यामागे ३४ मिनिटांच्या आतच खेळला होता. त्यांच्या बाकावरून येणाऱ्यांत ओबी टॉपिन होता. निक्सनेच २०२० मध्ये निवडलेला, थिबोडो यांच्या हाताखाली तुटपुंजी मिनिटे मिळालेला आणि २०२३ मध्ये इंडियानाला देऊन टाकलेला.

पहिला सामना २१ मे रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाला. तीन मिनिटांहून कमी वेळ उरला असताना निक्स चौदा गुणांनी पुढे होते. घरचे मैदान, घरचा जल्लोष. आणि मग आघाडी वितळू लागली. अ‍ॅरन नेस्मिथने लांबून तीन-तीन गुणांच्या बास्केटचा सपाटा लावला. शेवटच्या क्षणी हॅलिबर्टनने फेकलेला चेंडू कड्यावर आदळून उंच उडाला, सारे गार्डन श्वास रोखून पाहत राहिले आणि तो अलगद जाळीत उतरला. १२५-१२५. जादा वेळेत पेसर्स १३८-१३५ असे जिंकले. दुसरा सामनाही निक्सने घरीच गमावला.

त्या मालिकेत नेमके काय बिघडले होते? ज्या पाच जणांवर मोसमभर सारी भिस्त होती ते एकत्र मैदानात असतानाच प्लेऑफमध्ये निक्स मागे पडत होते. मिळवलेल्या गुणांपेक्षा दिलेले गुण जास्त. सामान्य प्रेक्षकालाही दिसणारी ही गोष्ट बदलायला तिसरा सामना उजाडावा लागला. इंडियानापोलिसमध्ये थिबोडो यांनी हार्टच्या जागी रॉबिन्सनला सुरुवातीला उतरवले आणि एरवी टॉवेल खांद्यावर टाकून बसणाऱ्या लँड्री शॅमेट आणि डेलॉन राइट यांना मैदानात पाठवले. निक्सने वीस गुणांची पिछाडी भरून काढत तो सामना १०६-१०० असा जिंकला. न्यूयॉर्कचा चाहता त्या दिवशी आनंदला असेल. पण मला वाटते, खरा वैतागला असेल तोही त्याच दिवशी. म्हणजे हे जमत होते तर! मग जानेवारीत का नाही जमवले?

मालिका पेसर्सने ४-२ अशी जिंकली. ३१ मे रोजी निक्सचा शेवटचा पराभव झाला आणि ३ जूनला थिबोडो यांना पदावरून दूर करण्यात आले. पंचवीस वर्षांतील सर्वोत्तम मोसमानंतर तीन दिवसांनी! जुलैमध्ये माइक ब्राउन त्यांच्या जागी आले.

आता तो दाखला. पेसर्स पुढे ओक्लाहोमा सिटीविरुद्ध अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत गेले आणि त्या निर्णायक सामन्याच्या पहिल्याच सत्रात हॅलिबर्टनच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. कार्लाइल यांनी जपून वापरलेला, मोजून खेळवलेला खेळाडू! रोझच्या गुडघ्याचे खापर थिबोडो यांच्या माथी फोडणाऱ्यांनी हॅलिबर्टनच्या टाचेचे काय करायचे? दुखापत आणि मिनिटे यांचे नाते प्रेक्षक समजतो तितके सरळ नाही.

आणि चाहत्याची नाराजी एकाच बाजूने असते असेही नाही. सॅन अँटोनियो स्पर्सचे ग्रेग पॉपोविच हे विश्रांती देण्यासाठी प्रसिद्ध. नोव्हेंबर २०१२ मध्ये मायामीविरुद्धच्या सामन्याआधी त्यांनी टिम डंकन, टोनी पार्कर, मनू जिनोबिली आणि डॅनी ग्रीन या चौघांना थेट घरी धाडले. तिकीट काढून आलेले प्रेक्षक चिडले आणि एनबीएने स्पर्सला अडीच लाख डॉलरचा दंड ठोठावला. पुढच्याच मोसमात, २०१३-१४ मध्ये, स्पर्सच्या एकाही खेळाडूची सरासरी तीस मिनिटांपर्यंत गेली नाही आणि तो संघ विजेता ठरला. सॅन अँटोनियोतल्या कोणी मग तक्रार केली नाही. आज रात्री आवडता खेळाडू दिसलाच पाहिजे आणि तो जूनमध्येही ताजातवाना असलाच पाहिजे, या दोन मागण्या एकाच माणसाच्या असतात आणि त्याने पैसे दोन्हींसाठी मोजलेले असतात.

प्रशिक्षकाची अडचण अशी की त्याचे पद आजच्या सामन्यावर टिकते. जानेवारीत शॅमेटला दहा मिनिटे जास्त देऊन एखादा सामना हातचा गेला तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्याची झाडाझडती होते. त्या दहा मिनिटांचे फळ मे महिन्यात मिळाले तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. थिबोडो यांनी आयुष्यभर आजचा सामना निवडला. त्यांच्या बायकामुलांचा उल्लेख कधी ऐकू येत नाही तो येणारही नाही, कारण त्यांचा संसार बास्केटबॉलशीच झालेला आहे. अशा माणसाला मंगळवारचा सामना सोडून द्या म्हणणे कठीण.

४ जानेवारी २०२५ रोजी शिकागोत ‘डेरिक रोझ नाइट’ साजरी झाली. काही महिन्यांपूर्वीच निवृत्त झालेल्या रोझचा एक क्रमांकाचा गणवेश यापुढे बुल्समध्ये कोणालाही दिला जाणार नाही, हे जाहीर झाले होते. त्या रात्री युनायटेड सेंटरमध्ये आलेला पाहुणा संघ निक्सचा होता. बाजूच्या रेषेवर प्रशिक्षक थिबोडो उभे होते. बुल्सने सामना १३९-१२६ असा जिंकला.