जुन्या लॅपटॉपवर ध्वनिमुद्रण : हलक्या लिनक्सची जुळवाजुळव

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था किंवा पुरेसा नवा प्रोसेसर ज्यांच्यात नाही असे कितीतरी लॅपटॉप, कळफलकापासून पडद्यापर्यंत धडधाकट असूनही, एका दिवसात जुने ठरले. पत्रव्यवहार आणि इंटरनेट यांपुरता वापर असेल तर अशा यंत्रावर लिनक्स बसवावी, हा सल्ला आता सर्वपरिचित आहे. परंतु त्याच यंत्रावर गाणे ध्वनिमुद्रित करायचे असेल, तर प्रणालीच्या हलकेपणाची कसोटी बदलते. कमी मेमरी खाणारी, चटकन सुरू होणारी प्रणाली ही एरवी हलकी मानली जाते. ध्वनीच्या कामात मात्र जी प्रणाली एकदाही उशीर करत नाही ती हलकी, आणि हा फरक ध्यानात न आल्यामुळेच अनेकांची जुळवाजुळव मुद्रणात अधूनमधून उमटणाऱ्या ‘टक्’ अशा आवाजापाशी अडते.

हा आवाज कोठून येतो हे समजण्यासाठी संगणक ध्वनी कसा हाताळतो ते पाहावे लागते. मायक्रोफोनमधून आलेल्या विद्युतसंकेताचे मोजमाप दर सेकंदाला ठरावीक वेळा केले जाते. सीडीसाठी हे प्रमाण सेकंदाला ४४,१०० आणि चित्रपट-व्हिडिओच्या कामात बहुधा ४८,००० असते, व प्रत्येक मोजमापाला नमुना म्हणतात. एकेक नमुना प्रोसेसरकडे सोपवणे परवडणारे नसल्याने त्यांचे गठ्ठे केले जातात, आणि गठ्ठा जेथे साठतो त्या जागेला बफर म्हणतात. बफर १,०२४ नमुन्यांचा असेल तर ४८,००० च्या दराने तो भरायला सुमारे २१ मिलिसेकंद लागतात. १२८ नमुन्यांचा असेल तर जेमतेम २.७ मिलिसेकंद. एवढ्या अवधीत आलेला गठ्ठा वाचणे, त्यावर घुमारा वा इतर संस्कार करणे, सर्व मार्गिकांचे (ट्रॅकचे) मिश्रण करणे आणि तयार गठ्ठा ध्वनियंत्राच्या हवाली करणे ही सारी कामे उरकावी लागतात. ती एकदा जरी हुकली तरी ध्वनियंत्राकडे वाजवायला काही उरत नाही आणि तेथे खंड पडतो. लिनक्सवर काम करणारे त्याला ‘एक्सरन’ म्हणतात. म्हणूनच प्रोसेसर सरासरीने २० टक्केच वापरात असल्याचे दिसत असतानाही मुद्रण खराब होऊ शकते, कारण वायफायच्या चालकप्रणालीने, म्हणजे ड्रायव्हरने, नेमक्या वेळी चार मिलिसेकंद प्रोसेसर अडवून धरला, ही गोष्ट सरासरीच्या आकड्यात कोठेच दिसत नाही.

यावर बफर मोठा करणे हा सोपा उपाय आहे, मात्र बफर जितका मोठा तितका आवाज आत जाऊन परत बाहेर येईपर्यंतचा विलंब मोठा. हा विलंब कितपत चालतो, याविषयी उत्साही मंडळींमध्ये अवास्तव कल्पना आढळतात. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असल्यामुळे एक मीटर अंतर कापायला त्याला जवळजवळ तीन मिलिसेकंद लागतात; म्हणजे मैफलीत गायकापासून दोन मीटरवर बसलेल्या तबलावादकाला स्वर सहा मिलिसेकंद उशिराच ऐकू येतो आणि त्याने लयीत काही बिघडत नाही. जाण्यायेण्याचा एकूण विलंब दहा मिलिसेकंदांच्या आसपास असेल तर वादकाचे काम चालते. गायकाचे प्रकरण थोडे नाजूक असते, कारण स्वतःचा आवाज त्याला कवटीच्या हाडांतून तत्क्षणी ऐकू येत असतो आणि हेडफोनमधून किंचित मागाहून येणारा तोच आवाज त्यात मिसळला की आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा भासतो. यावर उतारा सॉफ्टवेअरमध्ये शोधण्याचे कारण नाही. बहुतेक ऑडिओ इंटरफेसवर, म्हणजे मायक्रोफोन आणि संगणक यांच्यामधल्या यूएसबी पेटीवर, आत येणारा आवाज संगणकाला वळसा घालून थेट हेडफोनकडे पाठवण्याची सोय असते. ती वापरली की बफर १,०२४ चा ठेवूनही गायकाला विलंब जाणवत नाही. छोटा बफर खऱ्या अर्थाने लागतो तो संगणकातील वाद्य मिडी कीबोर्डवरून प्रत्यक्ष वाजवणाऱ्याला, किंवा गिटारचा आवाज सॉफ्टवेअरमधील अॅम्प्लिफायरमधून ऐकत वाजवणाऱ्याला. केवळ गाणे आणि साथ मुद्रित करणाऱ्याने दोन मिलिसेकंदांचा ध्यास धरून यंत्राला घाम फोडण्यात काही हशील नाही.

लिनक्समध्ये या कामासाठी जी यंत्रणा उभी राहिली ती थरांची आहे. सर्वांत खाली, कर्नलमध्ये म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, आल्सा हा थर असतो. चेक प्रोग्रामर यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाकडे कर्नलच्या २.६ या आवृत्तीपासून ध्वनियंत्रांशी बोलण्याचे काम आले. मात्र अनेक प्रोग्रॅमनी एकाच घड्याळावर चालून परस्परांना आवाज पुरवावा, ही स्टुडिओची गरज त्याने भागत नव्हती. ती पॉल डेव्हिस यांच्या जॅक या ध्वनिसर्व्हरने भागवली. डेव्हिस हेच आर्डर या बहुमार्गी ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरचे जनक. घरगुती वापरासाठी पल्सऑडिओ आणि स्टुडिओसाठी जॅक अशी दोन घरे झाल्यामुळे वापरणाऱ्यांची वर्षानुवर्षे ओढाताण झाली, कारण एकाने ध्वनियंत्र ताब्यात घेतले की दुसरा मुका होई. विम टेमन्स यांनी रेड हॅटमध्ये काम करताना लिहिलेल्या पाइपवायरने ही दोन्ही कामे एकत्र केली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिची १.० ही आवृत्ती आल्यापासून नवख्याने जॅकची जुनी मार्गदर्शके उगाळत बसण्याची गरज बरीच ओसरली आहे. जॅकसाठी लिहिलेले प्रोग्रॅम पाइपवायरवर जसेच्या तसे चालतात.

कर्नलची गोष्ट याहून लांबलेली आहे. महत्त्वाचे काम आले की हातातले काम तत्काळ बाजूला ठेवण्याची क्षमता, म्हणजेच रिअलटाइम वर्तन, कर्नलला मिळवून देणारे बदल इंगो मोलनार, थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांचे सहकारी २००४-०५ च्या सुमारापासून करत होते. परंतु ते मूळ कर्नलबाहेर राहिल्यामुळे संगीतकारांना वेगळा कर्नल शोधून बसवावा लागे. तुकड्या-तुकड्याने आत शिरत गेलेल्या या बदलांचा शेवटचा भाग नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१२ मध्ये अखेर मूळ प्रवाहात सामील झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली डेबियन १३ हाच ६.१२ कर्नल वापरते आणि त्याची रिअलटाइम बांधणी स्वतंत्र पॅकेज म्हणून पुरवते. अर्थात बफर २५६ चा असेल तर साधा कर्नलही बहुधा पुरेसा पडतो, त्यामुळे रिअलटाइम कर्नल ही पहिली पायरी न मानता शेवटचा उपाय मानणे शहाणपणाचे.

लिनक्सचे वितरण, म्हणजे तयार बांधलेला संच, कोणते निवडावे, हा प्रश्न लिनक्सच्या जगात वादाला निमित्त पुरवतो, पण जुन्या यंत्रापुरते उत्तर फार अवघड नाही. उबुंटू स्टुडिओत सर्व सॉफ्टवेअर तयार मिळते, मात्र तिचा केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप चार जीबी मेमरीच्या लॅपटॉपला जड जाऊ शकतो. एव्ही लिनक्स हे एमएक्स लिनक्सवर आधारलेले वितरण खास ध्वनी-चित्र कामासाठी जुळवलेले असून हात न घालता वापरू इच्छिणाऱ्यांना ते सोयीचे आहे. ज्याला प्रत्येक भाग स्वतः बसवून समजून घ्यायचा आहे त्याने डेबियन १३ आणि एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हा साधा डेस्कटॉप घ्यावा. फक्त ३२ बिटांचा प्रोसेसर असलेल्या यंत्रांसाठी डेबियनने या आवृत्तीपासून इन्स्टॉलर देणे बंद केले आहे, हे ध्यानात ठेवावे. डेस्कटॉप बदलून वाचणाऱ्या दोन-चारशे एमबी मेमरीचे फार कौतुक करण्यातही अर्थ नाही, कारण मागे उघडा राहिलेला ब्राउझर तेवढी मेमरी एका टॅबमध्ये फस्त करतो.

खरी जुळवणी यानंतर सुरू होते. डेबियनमध्ये ‘जॅकडी२’ हे जॅकचे पॅकेज बसवताना रिअलटाइम प्राधान्य चालू करायचे का, असा प्रश्न विचारला जातो. त्याला होकार दिला की प्रणालीच्या मर्यादांच्या यादीत दोन ओळींची भर पडते : ‘ऑडिओ’ या गटातील व्यक्तीच्या प्रोग्रॅमना ९५ पर्यंतचे प्राधान्य मागता येईल, आणि त्यांना लागणारी मेमरी कितीही असली तरी ती डिस्कवर ढकलली जाणार नाही अशी पक्की करून घेता येईल. हा होकार देऊनही वापरकर्त्याचे नाव ऑडिओ गटात घालायला आणि त्यानंतर एकदा लॉगआउट होऊन परत यायला पुष्कळजण विसरतात, आणि मग सर्व काही करूनही फरक पडत नाही म्हणून प्रणालीला बोल लावतात. दुसरी गोष्ट प्रोसेसरच्या वेगाची. वीज वाचवण्यासाठी लॅपटॉपचा प्रोसेसर काम नसताना वेग उतरवतो आणि काम आले की चढवतो. या चढउतारात जाणारा वेळ छोट्या बफरला महागात पडतो, म्हणून मुद्रणाच्या वेळी वेगनियंत्रक ‘परफॉर्मन्स’वर ठेवावा आणि लॅपटॉपला चार्जर जोडलेला असावा. वायफाय आणि ब्लूटूथ बंद करणे हा उपाय क्षुल्लक वाटतो, पण जुन्या लॅपटॉपवर एक्सरन घटवण्यात त्याचा वाटा अनेकदा कर्नल बदलण्याहून मोठा असतो. इंटरफेस यूएसबी हबमध्ये न खोवता थेट लॅपटॉपला जोडावा आणि शक्यतो अशा पोर्टला जोडावा जेथे अंतर्गत जोडणीवर वेबकॅमसारखा दुसरा भागीदार नसेल. ‘आरटीसीक्यूएस’ नावाचा छोटा प्रोग्रॅम या साऱ्या बाबी तपासून काय राहिले आहे ते सांगतो, आणि पाइपवायरसोबत येणारा ‘पीडब्ल्यू-टॉप’ प्रत्यक्ष चालू असताना कोणत्या प्रोग्रॅममुळे किती वेळा मुदत हुकली याचा आकडा दाखवत राहतो. तो आकडा वाढत नसेल तर आणखी काही बदलू नये. चालत्या जुळणीत हात घालण्याचा मोह या क्षेत्रात फार नुकसान करतो.

डिस्कची चिंता मात्र बहुतेक वेळा अनाठायी असते. आर्डर मूळ रचनेत ३२ बिटांचे नमुने साठवते. ४८,००० च्या दराने एका मार्गिकेला सेकंदाला १,९२,००० बाइट, म्हणजे मिनिटाला साडेअकरा एमबी लागतात. आठ मार्गिका एकाच वेळी मुद्रित केल्या तरी सेकंदाला दीड एमबीच्या आसपासच लिहावे लागते, आणि हे काम फिरती हार्ड डिस्कही सहज करते. एसएसडीमुळे यंत्र एकूण तरतरीत होते, एवढ्यासाठी ती घ्यावी.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत दारिद्र्य नाही, पण मर्यादा आहेत. आर्डरचा मूळ कोड मुक्त आहे, तिच्या निर्मात्यांकडून थेट तयार आवृत्ती घ्यायची तर पैसे मोजावे लागतात, आणि डेबियनच्या भांडारातून ती विनामूल्य मिळते. याखेरीज क्यूट्रॅक्टर, ढोलताशांसारख्या तालवाद्यांचे नमुने भरून वापरता येणारे हायड्रोजन, गिटारसाठी गिटारिक्स, आणि विकत घ्यावयाची रीपर व बिटविग स्टुडिओ ही सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालतात. सर्ज एक्सटी आणि झिनअॅडसबएफएक्स या सिंथेसायझरांत ‘स्काला’ पद्धतीची, स्वरांमधली अंतरे ठरवणारी स्वरसप्तक-फाइल भरण्याची सोय आहे. डॉ. विद्याधर ओक यांच्या २२ श्रुतींच्या संवादिनीमुळे ज्यांचे कुतूहल जागे झाले असेल, त्यांना समान अंतराच्या बारा स्वरांच्या चौकटीबाहेर जाऊन हवे ते गंधार-धैवत येथे ऐकून पाहता येतील, आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. उलट प्रो टूल्स हे ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअर लिनक्सवर नाही, लॉजिक फक्त अॅपलच्या यंत्रांवर आहे, आणि व्यावसायिक वाद्यसंग्रहांपैकी पुष्कळसे विंडोज व मॅक यांच्यापुरतेच निघतात. विंडोजचे प्लगइन, म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, लिनक्सवर चालवणारा यब्रिज हा दुवा पुष्कळदा काम करतो, पण नक्कलविरोधी कुलूप असलेल्या प्लगइनपुढे त्याची मात्रा चालेलच असे नाही.

त्यामुळे ज्याचा व्यवसाय दुसऱ्या स्टुडिओशी प्रो टूल्सच्या फायलींची देवाणघेवाण करण्यावर अवलंबून आहे, त्याने या वाटेला जाऊ नये. भजनी मंडळ, शाळेतील गायनवर्ग, पॉडकास्ट करणारे किंवा घरी रियाजाचे मुद्रण करणारे यांच्यासाठी मात्र ही जुळणी पुरेशी आणि टिकाऊ आहे. त्यांनी डिस्क पुसण्याआधी पेनड्राइव्हवरूनच एव्ही लिनक्स चालवून पाहावी, बफर २५६ वर ठेवून तासभर मुद्रण करावे, आणि नवा इंटरफेस घेताना तो वेगळ्या चालकप्रणालीशिवाय यूएसबीच्या सर्वमान्य ऑडिओ मानकावर चालतो की नाही, हे दुकानदाराला पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे.