गंजिफातला मासा

टॅरोचे पत्ते आता आपल्या मुलांच्या मोबाईलवर आले आहेत. पेल्याचा अर्थ काय, तलवारीचा काय, चाक आले तर काय होणार, असे ती विचारतात. विचारू द्यावे. मात्र पत्त्यांवरच्या खुणांत देव पाहण्याची एक रीत आपल्याकडेही आहे, आणि बालाघाटात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिलेली नसेल. ती म्हणजे सावंतवाडीची दशावतारी गंजिफा.

हाताने रंगवलेले १२० गोल पत्ते. दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शा असे १२ पत्ते. अवताराचे रूप वरच्या पत्त्यांवर. बाकीच्यांवर नुसती खूण: मत्स्याचा मासा, कूर्माचे कासव, परशुरामाचा परशू.

मासाच घ्या. मनूच्या ओंजळीत आलेला इवलासा मासा भांड्यात मावेना, तळ्यात मावेना; शेवटी समुद्रात सोडावा लागला. प्रलयात मनूची नाव त्यानेच ओढून नेली. गंजिफात एका पत्त्यावर एक मासा, दुसऱ्यावर दोन, असे दहापर्यंत. खेळणारा प्रत्येक वेळी मासा टाकतो, पण मनात येतो तो मत्स्यावतार. मासे वाढत जातात तशी ती गोष्टही आठवते, निदान आम्हाला तरी. निम्म्या गटांत मोजणी उलटी असते: तिथे एक्का दश्श्याला मारतो. ज्याच्या हाती एकच खूण, तो भारी!

या पत्त्यांना भविष्य विचारू नये, असे आमचे मत आहे. टॅरोसुद्धा पंधराव्या शतकात इटलीत खेळ म्हणूनच सुरू झाला. भविष्य सांगणे त्याला अठराव्या शतकात चिकटले. गंजिफा मोगलांबरोबर आली. बाबराने १५२७ मध्ये सिंधला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. दरबारातल्या त्या खेळात आपल्या लोकांनी दशावतार बसवले. सावंतवाडीत ही कला विझत आली होती, तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून ती जगवली.

खेळ तिघांत रंगतो, प्रत्येकी ४० पत्ते. पडलेले पान लक्षात ठेवावे लागते, त्यामुळे गप्पा मारत खेळणारा हरतो. सुरुवात कोणी करायची हेही देवच ठरवतात: दिवसा बसलात तर ज्याच्याकडे रामराजा त्याने, रात्री बसलात तर ज्याच्याकडे कृष्णराजा त्याने. रामजन्म भर दुपारचा आणि कृष्णजन्म मध्यरात्रीचा, हे आपल्या घरात मुलांनाही ठाऊक असते.