चालण्याच्या शर्यतीतील गुणवत्ता : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चालण्याच्या शर्यतीचे दोन मूलभूत नियम आहेत : उघड्या डोळ्यांना दिसेल असा जमिनीशी असलेला संपर्क सुटता कामा नये, आणि पुढे टाकलेला पाय टेकल्यापासून तो शरीराच्या सरळ खाली येईपर्यंत गुडघ्यात वाकता कामा नये. होतकरू खेळाडूंची पारख या नियमांच्या संदर्भातच व्हावयास हवी. परंतु तिच्याविषयी काही गैरसमज रूढ आहेत.

गैरसमज : धावण्यात मागे पडणाऱ्या मुलांसाठी हा प्रकार आहे.
वस्तुस्थिती : जपानच्या युसुके सुझुकीने २०१५ मध्ये २० किलोमीटर अंतर १ तास १६ मिनिटे ३६ सेकंदांत, म्हणजे दर किलोमीटर सुमारे ३ मिनिटे ५० सेकंद या गतीने चालून पार केले. अनेक सराव असलेल्या धावपटूंनाही न पेलणाऱ्या या गतीसाठी प्राणवायू वापरण्याची मोठी क्षमता आणि दीर्घकाळ टिकणारा दम अनिवार्य असतो.

गैरसमज : बाराव्या वर्षी पहिला येणाराच पुढे विजेता होतो.
वस्तुस्थिती : उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींमध्ये सरासरी बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, मात्र तो प्रत्येकाच्या बाबतीत मागेपुढे होत असल्याने एकाच वयोगटातील मुलांच्या शारीरिक परिपक्वतेत मोठे अंतर असू शकते. लवकर वाढलेल्या मुलाचा विजय हा पुष्कळदा त्या वाढीचा परिणाम असतो, म्हणून एका निकालापेक्षा काही हंगामांतील प्रगती आणि उंचीच्या नियमित नोंदी एकत्र पाहणे अधिक विश्वसनीय ठरते.

गैरसमज : उंची आणि लांब पाय हीच खरी पात्रता होय.
वस्तुस्थिती : वेग हा पावलाची लांबी आणि पावलांची गती यांचा गुणाकार असतो; त्यांपैकी लांबी केवळ पायांवर नव्हे, तर कमरेच्या फिरण्यावरही अवलंबून असते, आणि अव्वल खेळाडू मिनिटाला सुमारे २०० पावले टाकतात. त्यामुळे गुडघा सहज पूर्ण सरळ होतो का, कंबर मोकळेपणी फिरते का आणि नडगीपुढील स्नायू लवकर थकतात का, हे आधी तपासावे.

गैरसमज : बाद झालेल्या मुलात गुणवत्ता नसते.
वस्तुस्थिती : पोलंडचा रॉबर्ट कोझेनिओव्स्की १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ५० किलोमीटरच्या शर्यतीत अंतिम रेषेजवळ पोहोचूनही बाद ठरला, पुढे १९९६ ते २००४ या काळात त्यानेच ऑलिंपिकची चार सुवर्णपदके मिळवली. म्हणून दोष पहिल्याच फेरीत दिसतो की थकव्यानंतर, आणि सूचना मिळताच तो सुधारतो का, हे पाहणे अगत्याचे आहे. कारण शिकण्याची तयारी हाही गुणवत्तेचाच भाग आहे, आणि तो एका दिवसाच्या निवड चाचणीत नव्हे, तर प्रशिक्षकाच्या दीर्घ निरीक्षणातच स्पष्ट होतो.