टेन्शनचं हार्मोन संपलं, तर धंदा सोपा होईल का?



दुकानाचं भाडं, जीएसटीची तारीख, अडकलेली उधारी... या सगळ्यात कधी ना कधी वाटतंच, "हे टेन्शनच नको!" पण समजा, टेन्शनचं हार्मोन शरीरातून खरंच गेलं, तर काय होईल?

त्या हार्मोनचं नाव कॉर्टिसॉल. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी ते बनवतात. सकाळी त्याची पातळी जास्त असते, मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी. मेंदूत ते रिसेप्टरला चिकटतं. रिसेप्टर म्हणजे कुलूप, हार्मोन म्हणजे किल्ली.

ही कुलुपं दोन प्रकारची. पहिलं 'एमआर'. थोडं कॉर्टिसॉल असलं तरी ते लागतं, रोजचं काम चालू ठेवतं. दुसरं 'जीआर'. पातळी वाढली की ते कामाला लागतं, आणि ताण सरल्यावर "आता पुरे" हा निरोपही तेच देतं. म्हणजे ब्रेक दाबायलाही कॉर्टिसॉलच लागतं!

आता किल्लीच नसेल तर? ॲड्रिनल ग्रंथी काढलेल्या उंदरांच्या मेंदूत मोकळे रिसेप्टर वाढलेले दिसले. माल येत नाही, म्हणून दारात जास्त हमाल उभे करावेत, तसं. पण मालच नाही, तर हमाल काय उचलणार? १९८९ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या प्रयोगात तर अशा उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या, म्हणजे आठवणी सांभाळणाऱ्या भागातल्या, काही पेशी महिन्यांनंतर मेलेल्या आढळल्या. हार्मोन बाहेरून दिलं, तेव्हा त्या वाचल्या.

माणसात या कमतरतेचा एक आजार म्हणजे ॲडिसन्स डिसीज. थॉमस ॲडिसन या डॉक्टरांनी १८५५ साली त्याचं वर्णन केलं. न संपणारा थकवा, घटतं वजन, कमी रक्तदाब, काळवंडणारी त्वचा, खारट खावंसं वाटणं ही त्याची लक्षणं. टीबीमुळेही तो होऊ शकतो. पण उपचार आहेत. जॉन केनेडींना हा आजार होता, आणि ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

आता तुमच्या कामाच्या तीन गोष्टी.

एक, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी काही आठवडे स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर "बरं वाटतंय" म्हणून स्वतःच्या मनाने अचानक बंद करू नका. त्या काळात तुमची ग्रंथी सुस्तावलेली असते. डोस डॉक्टरांनाच कमी करू द्या.

दोन, बिनलेबलची 'रामबाण' पुडी घेऊ नका. तिच्यात स्टिरॉइड असू शकतं. अशा गोळ्या किंवा पुड्या थांबवल्यावर उलट्या, चक्कर, गळून जाणं सुरू झालं, तर थेट हॉस्पिटल गाठा आणि काय घेत होतात ते सांगा.

तीन, थकवा आला की 'ॲड्रिनल फटीग'चे महागडे डबे मागवू नका. हार्मोनतज्ज्ञ असा आजार मानत नाहीत. डॉक्टरांना शंका आली, तर ते सकाळची कॉर्टिसॉलची रक्ततपासणी सांगतील.

मित्रांनो, टेन्शन शून्य करायचं नसतं. ते वेळेवर यावं आणि वेळेवर जावं, एवढंच बघायचं. गल्ला मोजून झाला की शटर ओढता ना? तसंच रात्री डोक्याचंही शटर ओढा, झोप पुरी करा.

तुमच्या घरात कुणी स्टिरॉइड घेत असेल, तर हा लेख त्यांना आजच वाचायला द्या.