दुकानासाठी शांत व स्वस्त संगणक : भाग पारखून घ्या!

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावच्या अनेक दुकानदारांपुढे आज एक नवा खर्च उभा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ चा नियमित आधार बंद केला आणि ‘विंडोज ११’ पुष्कळ जुन्या संगणकांवर चालत नाही. अशा वेळी लिनक्स ही मोफत प्रणाली अवश्य विचारात घ्यावी. १९९१ साली फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने तिची सुरुवात केली. आपल्या सी-डॅकची ‘बॉस’ प्रणालीही लिनक्सवरच उभी आहे. तिच्यात मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिता येतात.

मात्र हिशोबाची बाब आधी पाहावी. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. ज्यांचे जीएसटीचे काम टॅलीवर अवलंबून आहे, त्यांनी आपल्या सी.ए.शी बोलूनच पाऊल टाकावे.

जुना संगणक धडधाकट असेल तर हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी. तिच्यात फिरणारा भाग नसल्याने आवाज होत नाही, कामही झपाट्याने होते. कित्येकांचे एवढ्यावरच भागेल.

नवा जुळवायचा असल्यास इंटेलचा ‘कोअर आय-३ १२१००’ किंवा एएमडीचा ‘रायझन ५ ५६००जी’ यांसारखा प्रोसेसर पुरे. दोहोंत चित्र दाखविण्याची सोय आतच आहे, म्हणून वेगळे ग्राफिक्स कार्ड नको. त्यात पैसा जातो, उष्णता वाढते आणि आणखी एक पंखा गरगरतो. इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर ही सोय नसते, हे ध्यानात ठेवावे. रॅम ८ जीबीची एकच पट्टी घ्यावी. दुसरी जागा पुढे कामी येते.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा बिनपंख्याचा संगणक परवडणार नाही. १२० मिलिमीटरचा मोठा पंखा हळू फिरूनही पुरेशी हवा देतो, म्हणून आवाज कमी. कॅबिनेट जाळीचे व निघणाऱ्या फिल्टरचे असावे. कपाशीच्या मुलखात रुईची तूस आणि धूळ कूलरमध्ये अडकते, मग पंखा जोरात धावतो आणि गिऱ्हाइकाशी बोलणे मुश्कील होते. महिन्यातून एकदा संगणक बंद करून सफाई करावी.

एसएमपीएसमध्ये काटकसर करू नये. ‘८० प्लस ब्राँझ’ शिक्क्याचा ४५० वॅटचा पुरेसा आहे. निकृष्ट एसएमपीएस जळाला तर मदरबोर्डही सोबत नेऊ शकतो.

आम्ही कापडवाले तागा उलगडून, पोत हाताने पाहूनच माल उचलतो. येथेही तोच शिरस्ता पाळावा. लिनक्स पेनड्राइव्हवरून, काहीही न बसवता चालते. तेव्हा पैसे चुकते करण्यापूर्वी दुकानातच ते सुरू करून वाय-फाय, आवाज आणि आपला बिलाचा प्रिंटर तपासावा. प्रत्येक भागाची किंमत व वॉरंटी बिलावर स्वतंत्र लिहून घ्यावी. पारखून घेतलेला माल सहसा परत करावा लागत नाही.